भराव पडण्याआधीचा किनारा

कोकणातल्या वाचकांची आधीच क्षमा मागतो. समुद्रकिनाऱ्याबद्दल लिहायला बसलोय आणि मी आहे भंडारा जिल्ह्यातला. एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, आणि बराच वेळ मला ते नांगरलेलं शेत वाटत होतं. ज्या प्राण्यांबद्दल पुढे सांगणार आहे त्यातल्या निम्म्यांची मराठी नावं मला ठाऊक नाहीत. चिखलात उड्या मारणाऱ्या त्या डोळे वटारलेल्या माशाला निवटी म्हणतात, हेसुद्धा वसतिगृहातल्या एका रत्नागिरीच्या मुलानं सांगितलं तेव्हा कळलं. असं असताना मी का लिहावं? दुसरं कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही, एवढंच कारण आहे. चुकीचं काही लिहिलं गेलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

सिंगापूरला मी शिष्यवृत्तीवर शिकायला गेलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बुओना व्हिस्टा स्टेशनवर उतरून पुढे बसनं जायचं, मग वसतिगृह. आठवडाभर लेक्चर, प्रयोगशाळा आणि कॅन्टीनचा भात. रविवारी मात्र एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसला जायचं. तिथे एक नागपूरची ताई राहायची. ती बँकेत अकाउंटंट होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, सेम्बावांगच्या जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर. बुद्धपौर्णिमेला मराठी मंडळी एकत्र जमली होती, तिथे ओळख झाली. "जेवायला येत जा," असं ती म्हणाली आणि मी ते फारच मनावर घेतलं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी मला मामा म्हणायची. तिच्याशी आम्ही मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही सिंगापुरी पद्धतीनं शेवटी 'ला' लावून.

तिथल्या मराठी घरांमध्ये एक रीत होती. भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना सिंगापूर दाखवायचं. पण दाखवणारे सगळे नोकरीवाले. मग आठवण व्हायची विद्यार्थ्याची. "तुझं कॉलेज दुपारी सुटतं ना रे?" असा फोन आला की मी समजायचो. दोन वर्षांत मी किती काका-काकूंना फिरवलं असेल! प्राणिसंग्रहालय, पक्ष्यांची बाग, सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं तो पुतळा, सेंतोसा बेट. ठरलेला रस्ता, ठरलेली छायाचित्रं. मला ते काम आवडायचं. कुणीतरी आपल्याला विचारतंय आणि आपण सांगतोय, हे मला नवीन होतं.

ताईची आई नागपूरहून आली तेव्हाही मलाच बोलावणं आलं. या मावशींनी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलं होतं. मी त्यांना सेंतोसावरचा तोफांचा किल्ला दाखवायला नेलं. चकचकीत रस्ता, पायऱ्यांना कठडे, समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या मोठ्या तोफा. मी दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईची हकीकत सांगितली, इंग्रजांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली ती सांगितली. मावशींनी सगळं नीट ऐकलं. मग इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "हाव, पन किल्ला कुठी आहे?"

"मावशी, हाच किल्ला."

"हा? दम बी नाही लागला बापा."

त्यानंतर मावशींना कुठलंही ठिकाण दाखवलं की ताई विचारायची, "काय गं आई, दम लागला का?"

त्याच सुमाराला वसतिगृहाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. पुलाउ उबिन नावाच्या बेटावर, चेक जावा नावाच्या किनाऱ्यावर फेरी. फुकट. खाली लिहिलं होतं की वर्षअखेर हा किनारा भराव टाकून बुजवायचं ठरलं आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी आत्ताच पाहून घ्यावा. खरं सांगतो, मी गेलो ते 'फुकट' वाचून.

उबिनला जायला चांगीच्या धक्क्यावरून लहान लाकडी होडी मिळते. तिला वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की ती सुटते. पाण्यातून थोडा वेळ गेलं की पलीकडे एकदम दुसरंच जग लागतं. लाकडी घरं, पत्र्याची छपरं, भाड्यानं सायकली देणारी दुकानं, रस्त्यावर पडलेले नारळ. पूर्वी बेटावर ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. सिंगापूरच्या कितीतरी जुन्या बांधकामांत इथला दगड आहे. खाणी बंद पडल्या, त्यांत पाणी साठलं आणि त्यांची हिरवी खोल तळी झाली. काठावर बगळे बसलेले असतात. सिंगापुरात आल्यापासून मला गावाची आठवण यावी अशी जागा सापडली नव्हती. इथे तळं दिसलं आणि आठवण आली.

चेक जावा बेटाच्या पूर्व टोकाला आहे. व्हॅननं कच्च्या रस्त्यानं जायचं. शेवटी झाडीत एक ओसाड विलायती घर लागतं. उतरत्या छपराचं, आत चक्क शेकोटीची जागा असलेलं. जिथे बारा महिने घाम येतो तिथे कुणा साहेबानं शेकोटी बांधली होती. घरासमोर जुना धक्का आणि त्यापलीकडे समुद्र असायला हवा होता. पण समुद्र नव्हता. तो मागे गेला होता. जिथे पाणी असायचं तिथे लांबच लांब ओली वाळू आणि हिरवं गवत उघडं पडलं होतं.

मी ओहोटी पुस्तकात वाचली होती. पाहिली नव्हती. आमच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात आटतं ते पाऊस आल्याशिवाय परत येत नाही. इथे म्हणे संध्याकाळपर्यंत येणार होतं.

फेरी नेणाऱ्या बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. चिनी, चाळिशीच्या, डोक्यावर मोठी टोपी. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एकामागोमाग एक चाला, म्हणजे पायाखाली कमी जीव येतील. आणि काही दिसलं की खाली बसा. मग त्या स्वतःच खाली बसल्या आणि गवत बोटानं बाजूला केलं. तिथे ताटाएवढा, जाडजूड तारामासा होता, अंगावर काळसर गाठी असलेला. जरा पुढे सतरंजीसारखं पसरलेलं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणीच, त्याच्या झालरीत एक पारदर्शक कोळंबी. वाळूत अर्धवट बुडालेल्या चपट्या गोल चकत्या, त्याही जिवंत. खडकाजवळ पोलादी टोप घातल्यासारखा एक प्राणी संथपणे चालला होता. त्या म्हणाल्या, ही जात माणसाच्या कितीतरी आधीची आहे. मी विचारलं, "भराव टाकल्यावर हे कुठे जातील?"

"कुठे जाणार? इथेच राहतील," त्या म्हणाल्या. "खाली."

त्या रात्री मला उबिनपेक्षा आमचं गावच जास्त आठवलं. गावाच्या खालच्या अंगाला धरणाची भिंत वर येत होती. गाव बुडणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत होतो. सर्वेवाले येऊन घरांच्या भिंतींवर डांबरानं आकडे टाकून गेले होते. पण गाव बुडण्याआधी एकदा पाहून घेऊ म्हणून बाहेरून कुणी आलं नव्हतं. आमचं चिंचेचं झाड, तळ्याकाठचा लहानसा विहार, हे पाहायला कुणी का यावं, असंच आम्हालाही वाटायचं. इथे मात्र एका चिखलाच्या किनाऱ्यासाठी माणसं होडीच्या रांगेत उभी राहत होती. मला हेवा वाटला नाही. आपणही रांगेतल्या लोकांना वाट दाखवावी, असं वाटलं.

पुढच्या ओहोटीला मी पुन्हा गेलो आणि त्या बाईंना भीतभीत विचारलं की मला मदत करता येईल का. गर्दी वाढत चालली होती आणि वाटाडे कमी पडत होते. त्या म्हणाल्या, "आधी तुझी माणसं घेऊन ये. त्यांना दाखव. मी मागे उभी राहून पाहीन."

मी ताईकडे विषय काढला. भाऊजी जेवत होते. ते म्हणाले, "बेट पाहायला येऊ. पण हे बंद करा, ते थांबवा, असलं काही असेल तर आपण नाही. आपण इथं नोकरीच्या पासवर आहोत. तूही शिष्यवृत्तीवर आहेस, विसरू नकोस."

"नाही भाऊजी, फक्त पाहायचं."

"आणि एक सांगू का? आमचा कारखाना भरावावर आहे. इकडचा किनाराही निम्मा भरावाचाच. जमीन केली नसती तर आपण राहिलो असतो कुठं?"

ताईनं त्यांना आणखी एक पोळी वाढली.

मावशी पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "त्याले फक्त पाह्यचं आहे म्हनते ना तो. चला. दम लागते का ते पाहू."

रविवारी आम्ही पाच जण चांगीच्या धक्क्यावर पोचलो. आणखी सात माणसं येईपर्यंत होडी थांबली. मावशी एकदम खूश. "हे तर आपल्या काळीपिवळी जीपसारखंच आहे रे! शिटा भरल्याबिगर हालतच नाही." होडीवाला चिनी म्हातारा होता. त्याला काही कळलं नाही, पण मावशी हसल्या म्हणून तोही हसला.

बेटावर उतरल्या उतरल्या झाडीतून एक लालतांबूस कोंबडा ऐटीत रस्ता ओलांडून गेला. मी सांगितलं, हा रानकोंबडा, जगातल्या सगळ्या कोंबड्यांचा पूर्वज.

"याले कोनी पकडत नाही?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"इतकी माणसं असून? कमाल आहे बापा."

विलायती घरापाशी मी सगळ्यांना थांबवलं. बाई ठरल्याप्रमाणे मागे उभ्या होत्या. ओहोटी पुरी लागली होती. कडेच्या चिखलात शेकडो खेकडे बिळांबाहेर आले होते. या जातीच्या नराची एक नांगी केवढी तरी मोठी असते आणि ती तो सारखी वरखाली हलवतो. पलीकडे उथळ पाण्यात बगळे आणि एक राखी ढोकरी उभी होती. सगळं कसं जुळून आलं होतं. मी खिशातले मुद्दे पुन्हा एकदा पाहिले.

आता माझी अडचण सांगायला हवी. लोकांसमोर बोलण्याचं माझं सगळं शिक्षण चौदा एप्रिलच्या जयंतीला झालेलं. आमच्या वस्तीत दरवर्षी मंडप पडायचा, भाषणांची स्पर्धा व्हायची आणि मी पाचवीपासून त्यात भाग घ्यायचो. माइक बहुतेक वेळा बंद पडायचा. म्हणून गुरुजींनी शिकवलं होतं की शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेलं पाहिजे. बोलायचं म्हणजे उंच जागी उभं राहायचं, छाती काढायची, हात वर करायचा आणि आवाज मंडपाबाहेर फेकायचा. बोलण्याची दुसरी काही पद्धत असते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मी एका खडकावर चढलो.

"सन्माननीय मावशी! आदरणीय ताई आणि भाऊजी! आणि माझ्या छोट्या भाचीबाई! आज आपण या ऐतिहासिक किनाऱ्यावर..."

'किनाऱ्यावर' म्हणताना मी हात वर केला. ढोकरी उडाली. तिच्यामागून बगळे उडाले. सगळ्या चिखलावरचे खेकडे एका क्षणात बिळांत गेले, आणि समोर नुसती भोकं उरली.

"मामा, सो लाउड ला!" भाची कपाळाला हात लावून म्हणाली. "बर्ड ऑल फ्लाय अवे!"

भाऊजींनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते. ताई म्हणाली, "अरे, आम्ही चारच जण आहोत." मावशींनी मात्र टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, "आवाज चांगला आहे पोराचा. आमच्या नागपुरात इंदोऱ्याच्या जयंतीले चालला असता."

बाई जवळ आल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "तू यांना कशाबद्दल रागावत होतास?"

मला खडकावरून उतरताना कसं वाटलं असेल ते सांगत नाही. बाई म्हणाल्या, "खाली बस. आणि काही बोलू नकोस."

मी बसलो. मला पाहून भाची बसली, मग ताई, मग पँट सांभाळत भाऊजी. मावशींचे गुडघे दुखायचे, त्यांनी खडकाला टेकून घेतलं. बराच वेळ नुसती भोकं दिसत राहिली. मग एका भोकातून दोन काड्यांसारखे डोळे वर आले. मग नांगी. शेजारच्या भोकातून दुसरा. हळूहळू सगळा चिखल पुन्हा भरला आणि ते सगळे नर आपापल्या नांग्या हलवू लागले.

"माय वो," मावशी कुजबुजल्या, "हे काय करून रायले?"

"मादीला बोलावतायत," मीही कुजबुजलो.

"असं होय! लग्नाच्या वरातीत पोट्टे नाचतेत तसं."

बाईंनी मला मागून हळूच खूण केली: हे असं. त्यापुढे मी सगळी फेरी वाकून आणि पुटपुटत केली. तारामासा दाखवला, समुद्रफूल दाखवलं. मावशींचा प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न.

"याले खातेत का?"

"नाही मावशी."

"आन याले?"

"आजी, कॅनॉट ईट ला!" भाची ओरडली आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून खाली बसली.

वाळूवर एक विचित्र वस्तू पडली होती. रबराची कापलेली कॉलर असावी तशी. ताईला तो कचरा वाटला आणि ती उचलायला वाकली. मी घाईनं म्हटलं, "राहू द्या, ती अंडी आहेत. एक गोगलगाय वाळू आणि चिकट द्रव कालवून असं वेटोळं करते आणि त्यात अंडी घालते."

मावशी थांबल्या. त्यांनी त्या वेटोळ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. "म्हंजे अख्खा बाळंतपनाचा वॉर्डच आहे हा. आन आपन चपला घालून हिंडून रायलो." त्यानंतर त्या माझ्या पावलाच्या ठशावर नेमकं पाऊल ठेवून चालू लागल्या. मी थांबलो की त्याही थांबायच्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सरकारले हे सांगतलं का कोनी? का अंडी आहेत म्हनून?"

भाऊजींनी पटकन आजूबाजूला पाहिलं. मी मावशींचा प्रश्न बाईंना इंग्रजीत सांगितला. बाई म्हणाल्या, "पुष्कळांनी सांगितलंय. पत्रंही लिहिलीत. सरकारची माणसं येऊन पाहूनही गेलीत. अजून उत्तर नाही. तोवर आपलं काम दाखवायचं."

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "न पाहताच कोनाले काय कळनार."

दुपारी आम्ही विलायती घराच्या सावलीत जेवायला बसलो. मावशींनी नागपूरहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, झुणका आणि जवसाची चटणी होती. पिशवी पायाशी ठेवून ताई पाण्याची बाटली उघडत होती, तेवढ्यात झाडीतून एक रानडुक्कर निघालं आणि सरळ आमच्याकडे आलं. शेजारी बसलेली चिनी मंडळी किंचाळत उठली. भाऊजींनी लेकीला उचललं. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. लहानपणी डुकरांपासून शेत राखलेलं त्यांनी. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि असा काही "हुर्र! हाड्!" आवाज टाकला की मी जयंतीला टाकलेले सगळे आवाज त्यापुढे फिके. डुक्कर दचकलं. पण जाता जाता त्यानं पिशवी तोंडात धरलीच.

"नेली भाकर मेल्यानं!" मावशी म्हणाल्या. "जवसाची चटनी तिखट आहे, पानी शोधत फिरन आता."

मग गावातल्या एका दुकानी नारळपाणी पिऊन आणि बिस्किटं खाऊन आम्ही परतलो. होडीत भाऊजी माझ्याजवळ बसले. पाण्याकडे पाहत म्हणाले, "ते टोप घातलेलं, ते फार जुनं आहे म्हणालास ना?"

"हो."

"हं." मग म्हणाले, "आमच्या कारखान्यातल्या दोघातिघांना आणू का पुढच्या वेळी? नुसतं पाहायला."

बाईंनी मला वाटाड्या म्हणून घेतलं. पुढे जेव्हा जेव्हा दिवसा चांगली ओहोटी असे तेव्हा मी उबिनला जाऊ लागलो. रविवार कुठला धरायचा हे समुद्र ठरवायचा, मी नाही. माझं इंग्रजी अडखळतं, अजूनही. पण खाली बसून दाखवायला इंग्रजी फारसं लागत नव्हतं. शाळेची मुलं आली, म्हातारी जोडपी आली. एक बाई ढकलखुर्चीतून आल्या. त्यांच्या मुलांनी त्यांना धक्क्याच्या टोकापर्यंत नेलं. भाऊजी त्यांच्या तामिळ आणि बंगाली सहकाऱ्यांना घेऊन आले आणि मला मागे सारून स्वतःच समुद्रफूल दाखवू लागले. मराठी घरांतून फोन येत होते, "पाहुणे आलेत, तो तुझा किनारा दाखवशील का?" तो 'माझा' कधी झाला, कळलं नाही.

मावशी महिन्याभरानं नागपूरला परत गेल्या. विमानतळावर सामान चढवताना म्हणाल्या, "त्या वॉर्डाचं काय होते ते मले सांगजो." मी हो म्हटलं.

सांगण्यासारखं काही येत नव्हतं. वर्ष संपत आलं. पलीकडे समुद्रात भरावाच्या वाळूच्या बोटी दिसल्या की आम्ही दाखवणं सोडून त्यांच्याकडे पाहत राहायचो. त्या इथल्यासाठीच आहेत की दुसऱ्या कुठल्या कामाच्या, कुणालाच माहीत नव्हतं. परीक्षा संपल्या आणि माझं गावाकडचं तिकीट आधीच काढलेलं होतं. निघण्याआधी मी एकदा जाऊन आलो. गर्दी होती. मी परतेन तेव्हा इथे लाल मातीचं मैदान असेल, असं मी धरूनच चाललो होतो. बाईंना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "तुझ्या गावी सांग." मी विचारलं, "काय सांगू?" त्या म्हणाल्या, "इथे काय काय होतं ते."

गावी धरणाची भिंत आणखी वर आली होती. काही घरं उठून नव्या वसाहतीत गेली होती, आमचं जायचं होतं. दारात माय विड्या वळत बसलेली आणि बाबा खाटेवर. तिथे मी त्यांना चेक जावा सांगितलं. उभं न राहता, हळू आवाजात. तारामाशाचा आकार हातानं दाखवला. पाणी रोज जातं आणि रोज येतं, हे मायला पटेना.

"रोज?"

"दिवसातून दोनदा."

"मंग जाते कायले?" ती म्हणाली.

बाबा खाटेवर उठून बसले. शेवटी त्यांनी विचारलं, "आन पाह्याले लोक आपून आले? कोनी बलावलं नाही, पैसे नाही?"

"आपणहून आले बाबा. पुष्कळ."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "सरकार ऐको न ऐको. डोळ्यानं पाह्यलं तरी लोकायनं."

गावात बातमी कळायचं साधन नव्हतं. इंटरनेटसाठी भंडाऱ्याला जावं लागे, आणि मी मुद्दामच गेलो नाही. नको ती बातमी तिथे वाट पाहत असेल असं वाटायचं. कापणी उरकलेली होती. मी बाबांबरोबर नव्या वसाहतीत आमच्या घराच्या भिंतीचं काम करू लागलो. नवीन वर्ष उजाडलं. सुट्टी संपत आली.

एक दिवस सकाळी किराणा दुकानदार सायकलवरून आला. गावात फोन त्याच्याकडेच होता, आणि त्याचा नंबर मी मावशींना देऊन ठेवला होता. "नागपूरहून फोन आहे," तो म्हणाला. "कोनी बाई आहे. पुन्हा करतो म्हनली, लवकर चाल." मी आणि बाबा हात न धुता निघालो. दुकानात पोचलो तेव्हा फोन वाजतच होता. मी उचलला. पलीकडे मावशी होत्या आणि नेहमीसारख्या मोठ्यानं बोलत होत्या, शेजारी उभ्या बाबांनाही ऐकू जावं इतक्या.

"कुठी मेला होता रे तू? ताई मेल करून करून थकली. पंधरा दिवस झाले तिकडं सांगून, आन तुलेच पत्ता नाही!"

"काय झालं मावशी?"

"माती नाही टाकून रायले तिथं. थांबवलं. जसं आहे तसं राहू देतो म्हनते सरकार."